सूर्योदयाआधी शवपेटी गाठा : विस्मृतीतले व्हॅम्पायर गेम आणि त्यांच्यामागचे जुने भयपट

रीळवेडा (धागाकर्ता)

मंडळी, व्हॅम्पायर गेमची चर्चा निघाली की गाडी दोन-तीन मोठ्या नावांवर येऊन थांबते. मला बोलायचंय ते मागच्या बाकांवरच्या गेमबद्दल. फारसे न खपलेले, एकाच देशात निघालेले, किंवा ज्या यंत्रावर चालायचे ती यंत्रंच आता भंगारात गेलेली. त्यासोबत एक दावाही मांडतो, पटतो का बघा : हे गेम ब्रॅम स्टोकरच्या कादंबरीची लेकरं नाहीत, सिनेमाची आहेत.

कादंबरी १८९७ ची. तिच्यातला ड्रॅक्युला लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. उन्हात त्याच्या शक्ती चालत नाहीत, एवढंच. तो मरतोही उन्हाने नाही. सूर्य मावळता मावळता कादंबरीचा नायक जोनाथन हार्करची कुकरी त्याच्या गळ्यावर फिरते आणि त्याचा साथीदार क्विन्सी मॉरिसचा सुरा काळजात घुसतो. ऊन लागलं की व्हॅम्पायर खलास, हा नियम आला १९२२ च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटातून. दिग्दर्शक मुर्नाऊ, काउंट ऑरलॉक झाला होता मॅक्स श्रेक. एलन ही नायिका पहाटेपर्यंत त्याला आपल्या खोलीत थोपवून धरते, कोंबडा आरवतो, आणि खिडकीतून आलेल्या उजेडात तो विरून जातो. सिनेमा काढताना स्टोकरच्या वारसांची परवानगी घेतलेली नव्हती. त्याची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली आणि १९२५ मध्ये सगळ्या प्रती नष्ट करायचा आदेश निघाला. काही प्रती परदेशात पोचल्या होत्या म्हणून सिनेमा वाचला, आणि त्याच्यासोबत तो नियमही.

गेम बनवणाऱ्याला कथेच्या आधी लागतो नियम. काय केलं की हरतो, काय केलं की जिंकतो. कादंबरीतला 'उन्हात जरा अशक्त' व्हॅम्पायर त्याच्या फारसा कामाचा नाही. मुर्नाऊचा व्हॅम्पायर मात्र थेट घड्याळ हातात देतो.

सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे १९८३ चा 'ड्रॅक्युला'. इमॅजिक कंपनीने इंटेलिव्हिजन या यंत्रासाठी काढलेला. यात तुम्ही स्वतःच ड्रॅक्युला. रात्रीच्या लंडनच्या रस्त्यांवर भक्ष्य गाठायचं, वटवाघूळ होऊन उडायचं, लाकडी खुंटे फेकून मारणारे पोलीस चुकवायचे, आणि उजाडायच्या आत शवपेटी गाठायची. ठरलेली भूक भागली नाही तरी मरण, उशीर झाला तरी मरण. त्या काळात बहुतेक गेममध्ये खेळाडू राक्षसाला मारायचा. इथे राक्षसाच्या जागी बसून पूर्वेकडे नजर ठेवावी लागते. थोड्याशा चौकोनी ठिपक्यांत हे बसवलंय याचं मला फार कौतुक वाटतं.

दुसरं म्हणजे १९८६ हे साल. त्या एका वर्षात तीन वेगवेगळ्या वाटांनी तीन गेम आले :

ब्रिटनमध्ये सीआरएल कंपनीचा 'ड्रॅक्युला'. मजकूर वाचायचा आणि आज्ञा टाइप करायच्या, अशा पद्धतीचा, रॉड पाइक यांनी लिहिलेला. मध्येच रक्तबंबाळ चित्रं येतात. सिनेमांना प्रमाणपत्र देणाऱ्या ब्रिटिश मंडळाने प्रमाणपत्र दिलेला हा पहिला गेम. '१५ वर्षांवरील' असा शिक्का मिळाला. गेमला सिनेमाचा दाखला लागावा, याहून सरळ नातं कुठलं?

ब्रिटनमध्येच पिरान्हाचा 'नोस्फेराटू द व्हॅम्पायर'. हा तर वर्नर हर्झॉगच्या १९७९ च्या सिनेमाचा अधिकृत गेम. तिरक्या कोनातून दिसणाऱ्या खोल्या, आणि सुरुवातीला जोनाथनला घेऊन किल्ल्यातून निसटायचं.

तिसरा जपानमध्ये कोनामीचा 'कॅसलव्हेनिया'. तो काही अनोळखी नाही, पण इतरांचा विचार करताना त्याला वळसा घालता येत नाही.

तुमच्याकडचे गेम सांगा. विशेषतः ज्यांनी ते खेळलेत त्यांनी लिहाच.

---

आठबिटी

झकास विषय. 'कॅसलव्हेनिया'ला वळसा नका घालू, उलट त्याच्या शेवटाशी जरा थांबा. तुमच्या दाव्याचा पुरावा गेम बनवणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवलाय.

सुरू करताना जो मथळ्याचा पडदा येतो त्याच्या कडांना सिनेमाच्या फिल्मसारखी भोकं आहेत. म्हणजे तुम्ही गेम लावत नाही, रीळ लावताय. मग किल्ला चढायचा : प्रचंड वटवाघूळ, मेड्युसा, ममी, फ्रँकनस्टाइनचा राक्षस, साक्षात मृत्यू, आणि शेवटी काउंट. युनिव्हर्सल आणि हॅमर या जुने भयपट काढणाऱ्या दोन कंपन्यांची अर्धी भुतावळ एका जिन्यावर रांगेत उभी आहे.

आणि ड्रॅक्युला पडला की नामावली वर सरकते. बनवणाऱ्यांची खरी नावं त्यात नाहीतच. दिग्दर्शक : ट्रान्स फिशर्स. पटकथा : व्राम स्टोकर. संगीत : जेम्स बनाना. ड्रॅक्युलाच्या भूमिकेत ख्रिस्तोफर बी. मृत्यू : बेलो लुगोसी. फ्रँकनस्टाइन : बोरिस कार्लोफिस. वटवाघूळ : मिक्स श्रेक्स. मेड्युसा : बार्बर शेरी.

ओळखीची नावं जरा वाकवलीत. टेरेन्स फिशर हा हॅमरच्या १९५८ च्या 'ड्रॅक्युला'चा दिग्दर्शक. जेम्स बर्नार्ड त्याचा संगीतकार. बार्बरा शेली १९६४ च्या 'द गॉर्गन'मध्ये होती, म्हणून तिला मेड्युसा. मॅक्स श्रेकला वटवाघूळ. कुणाला कुठली भूमिका द्यायची याचा विचार केलेला दिसतो. दिग्दर्शकाच्या खुर्चीत त्यांनी मुर्नाऊला किंवा १९३१ चा 'ड्रॅक्युला' काढणाऱ्या टॉड ब्राउनिंगला बसवलं नाही, फिशरला बसवलं. म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर हॅमरचा रंगीत किल्ला होता. गेम खेळताना ते जाणवतं : फाटके लाल पडदे, मेणबत्त्या, आणि भीतीपेक्षा धडाडी जास्त.

---

गवाक्ष

वाचतेय. नामावलीचं माहीत नव्हतं, मस्तच!

---

तिन्हीसांजा

रीळवेडा, धागा आवडला, पण दावा जरा ताणलेला वाटतो. कादंबरीला इतकं बाजूला सारू नका. अटारीच्या लिंक्स या हातातल्या यंत्रावर १९९१ मध्ये 'ड्रॅक्युला द अनडेड' निघाला होता. त्यात खुद्द ब्रॅम स्टोकर गोष्ट सांगायला येतो, तुम्ही जोनाथन हार्कर असता आणि किल्ल्यातून सुटका करून घ्यायची असते. सीआरएलचा गेमही हार्करच्या प्रवासापासूनच सुरू होतो. सेगाच्या मेगा ड्राइव्ह या यंत्रावरच्या १९९४ च्या 'कॅसलव्हेनिया'ने तर क्विन्सी मॉरिसला आपल्या वंशावळीत घेतलं, नायक जॉन मॉरिस त्याच घराण्यातला. १९९३ चा 'ड्रॅक्युला अनलीश्ड' हा खऱ्या नटांच्या चित्रफितींवर चालणारा गेम. तोही क्विन्सीचा भाऊ लंडनला येतो तिथून सुरू होतो.

आणि स्कॉट अॅडम्सचा 'द काउंट' विसरू नका, १९७९ चा! चित्र एकही नाही. ट्रान्सिल्व्हेनियातल्या किल्ल्यात एका पलंगावर जाग येते आणि पुढचं सगळं दोन-दोन शब्दांच्या आज्ञांवर. दिवस सरत जातो आणि अंधार पडायच्या आत तयारी करायची असते. ही धास्ती कादंबरीतल्या हार्करच्या रोजनिशीचीच आहे. तिथेही तो दिवसा किल्ला धुंडाळतो आणि रात्रीला घाबरतो.

---

रीळवेडा

तिन्हीसांजा, 'द काउंट'चा मुद्दा बिनतोड आहे. तिथे घड्याळ हार्करच्याच रोजनिशीतून आलंय, मान्य.

बाकीच्या उदाहरणांत मात्र पात्रं कादंबरीची आणि कायदा सिनेमाचा, असं मला दिसतं. लिंक्सवरच्या त्या गेमचंच घ्या. स्टोकर येऊन गोष्ट सांगतो खरं, पण अख्खा गेम तपकिरी छटेत आहे, जुन्या फिल्मसारखा. लिंक्सला रंगीत पडदा होता, आणि त्या काळी तीच त्याची मोठी मिरवायची गोष्ट होती. तरी बनवणाऱ्यांनी रंग काढून घेतले. पुस्तकाला रंग नसतो. हा तपकिरीपणा सिनेमाच्या आठवणीतून आलाय.

आता मला सगळ्यात जवळचा वाटणारा गेम : 'नोस्फेराटू : द रॅथ ऑफ मलाकाय', २००३. आयडॉल एफएक्स नावाच्या छोट्या स्वीडिश कंपनीने केलेला. साल १९१२. नायक जेम्स पॅटरसन तलवारबाज, बहिणीच्या लग्नासाठी ट्रान्सिल्व्हेनियातल्या किल्ल्यावर पोचतो. त्याच्या आधी पोचलेलं सगळं घरचं माणूस किल्ल्यात कुठे ना कुठे डांबलेलं. एकेकाला शोधून सुरक्षित खोलीत आणून सोडायचं. दरम्यान घड्याळ चालूच. उशीर केलात तर कुणाचा तरी बळी गेलेला असतो, आणि गेम तुमच्यासाठी थांबत नाही.

किल्ल्याच्या खोल्यांची मांडणी दर खेपेला बदलते, त्यामुळे पाठांतर चालत नाही. हातातली बंदूक जुन्या पद्धतीची, एक बार काढला की पुन्हा भरेपर्यंत जीव टांगणीला. क्रूस समोर धरला की व्हॅम्पायर मागे सरतात, पण तो धरलेला असताना दुसऱ्या हाताने काहीच करता येत नाही. मारायचा की अडवायचा, हे दारातच ठरवावं लागतं. आणि दाराआडून ऐकू येणारा आवाज आपल्या माणसाचा की त्यांच्यापैकी कुणाचा, हे दार उघडल्याशिवाय कळत नाही.

दिसतो कसा? करडा, खरवडलेला, मूकपटासारखा. व्हॅम्पायर टकले, लांब बोटांचे, टोकदार कानांचे. ऑरलॉकच्या गोतावळ्यातले. चित्रं तेव्हाच्या मानानेही साधीच होती, आणि ते इथे पथ्यावर पडलं. २००३ मध्ये सगळे गेम चकचकीत व्हायच्या मागे असताना हे लोक १९२२ कडे वळले.

---

एल्बेकाठची

मी हॅम्बुर्गला असते. ल्युबेक इथून गाडीने तासाभराच्या आतच. तिथे ट्राव्हे नदीच्या काठी मिठाची जुनी गोदामं आहेत, विटांची, उंच निमुळत्या कपाळाची, एकमेकांना खेटून उभी. ऑरलॉक जे घर विकत घेतो ते हेच. जवळच्या विस्मार गावातही चित्रण झालं होतं. तिथल्या बंदरावरचं जुनं पाणवेशीचं दार आजही आहे. किल्ला स्लोव्हाकियातला, ओरावाचा.

गोदामांसमोर उभं राहिल्यावर एक जाणवतं. मुर्नाऊने सेट उभारून भीती आणली नाही. त्याच सुमाराचे बरेच जर्मन भयपट रंगवलेल्या, वाकड्यातिकड्या पुठ्ठ्याच्या भिंतींत घडतात. हा मात्र उघड्यावर, खऱ्या गल्ल्यांत. नेहमीच्या रस्त्यावरून शवपेटी खांद्यावर घेऊन कुणीतरी चाललंय, ही भीती.

तो प्रसंग पाहताना बऱ्याच जणांना प्रश्न पडतो : हा तर लख्ख उजेडात चाललाय, मग उन्हाने मरतो कसा? तेव्हा रात्रीचं चित्रण दिवसाच करत आणि नंतर फिल्म निळ्या रंगात बुडवत. निळं म्हणजे रात्र, पिवळं-तपकिरी म्हणजे दिवस किंवा दिव्याचा उजेड. पुढे वर्षानुवर्षं नुसत्या काळ्या-पांढऱ्या प्रती फिरल्या आणि ती रात्रच हरवली. पुनरुज्जीवित प्रती पुन्हा रंग देऊन काढल्यात, त्याच बघा. रीळवेडांच्या नियमाला निळा रंग गेला की अर्थच उरत नाही.

---

आठबिटी

एल्बेकाठची, निळ्या रंगाचं फार उपयोगी सांगितलंत. आता तो प्रसंग पुन्हा बघणार.

नावावरून आठवलं. सुपर निन्टेन्डोवर १९९४ मध्ये सेटा कंपनीचा 'नोस्फेराटू' आला, आधी जपान, पुढच्या वर्षी अमेरिका. युरोपात निघालाच नाही. मुर्नाऊच्या गावात 'नोस्फेराटू' नावाचा गेम पोचू नये, याची मला रुखरुख वाटते. काइल नावाचा तरुण एरिन या आपल्या मैत्रिणीला सोडवायला किल्ल्यात शिरतो. चाल 'प्रिन्स ऑफ पर्शिया'सारखी : प्रत्येक पाऊल, प्रत्येक उडी माणसाच्या वजनाची. कठड्याला लोंबकळायचं, अंदाज चुकला की खाली भाले. आणि व्हॅम्पायरच्या किल्ल्यात हा गडी चक्क ठोसे लगावतो!

मुर्नाऊशी याचा संबंध नावापुरताच. पण पार्श्वभूमीची चित्रं अतिशय देखणी आहेत, आणि धावताना काइल थांबायला जे एक-दोन पावलं घेतो त्यामुळे प्रत्येक कोपरा धोक्याचा वाटतो. भरधाव पळणाऱ्या नायकाच्या गेममध्ये ही धाकधूक येत नाही.

अजून एक राहून जातो : सेगा मास्टर सिस्टीमचा 'मास्टर ऑफ डार्कनेस', १९९२. 'कॅसलव्हेनिया'ची सरळ नक्कल, पण लंडनमधली. नायक डॉक्टर सोशल. थेम्सच्या काठावरून सुरुवात, मग मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय. पुतळा पुतळाच आहे की अंगावर येणार, ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. ती पायरी आजही दाद द्यावी अशी.

---

पाऊसपाणी

रत्नागिरीहून लिहितोय. सूर्यप्रकाशाच्या नियमावर इतकं बोलणं झालं आणि 'बोकताय'चं नाव नाही? २००३, गेम बॉय अॅडव्हान्स, कोनामीचाच, निर्माता हिदेओ कोजिमा. मामेभावाने अमेरिकेहून आणला होता.

कार्ट्रिजच्या वरच्या टोकाला प्रकाश मोजणारा छोटा संवेदक बसवलाय. यंत्रात खोचल्यावरही तो बाहेर राहतो. तुमच्या डोक्यावर खरंखुरं ऊन असेल तर गेममध्ये ऊन. नायकाची बंदूक त्या उन्हावर भरते. घरातला बल्ब लावून चालत नाही. सुरू करताना तारीख, वेळ आणि आपण कुठे राहतो तेही विचारतो. बाहेर रात्र तर आत रात्र.

व्हॅम्पायरला हरवलं म्हणजे तो मेला असं नाही. त्याला शवपेटीत कोंडायचं आणि ती साखळीने ओढत अख्ख्या तळघरातून बाहेर आणायची. पेटी जड, आतला हिसके देतो. मध्येच कुणाशी लढायला सोडलीत तर पेटी आपोआप मागे सरकायला लागते. अंगणात आणून आरशांच्या यंत्राच्या मध्ये ठेवायची आणि मग तुम्ही, म्हणजे खरे तुम्ही, हातातलं यंत्र उन्हात धरून उभे राहायचं. एलन पहाटेपर्यंत थांबते ना, तसं थांबायचं.

आमच्याकडे हे आषाढात घडलं. पेटी अंगणात आणून ठेवलेली आणि सूर्याचा पत्ता नाही. झड लागलेली. गेममध्ये साठवलेलं ऊन ठेवायची सोय आहे, पण माझी शिल्लक संपलेली. शेवटी एका दुपारी उघडीप मिळाली तेव्हा गच्चीवर पळालो. व्हॅम्पायर जळताना पाहून जो आनंद झाला तो दुसऱ्या कुठल्याच गेमने दिलेला नाही, कारण ऊन मिळेपर्यंतची वाट खरी होती.

---

गवाक्ष

पाऊसपाणी, हे वाचून अंगावर काटा आला! नायकाचं नाव जँगो ना? मग शवपेटी ओढण्याचं मूळही सिनेमातलंच. सर्जिओ कोर्बुचीचा १९६६ चा इटालियन वेस्टर्न 'जँगो'. सुरुवातीलाच फ्रँको नीरो चिखलातून शवपेटी ओढत येतो. 'बोकताय'मध्ये वडिलांचं नाव रिंगो आणि भावाचं सबाटा, तीही त्याच वेस्टर्नपटांतली. म्हणजे ऊन जर्मन मूकपटाचं आणि पेटी इटालियन वेस्टर्नची.

---

रीळवेडा

गवाक्ष, क्या बात है. पाऊसपाणी, तुमचा प्रतिसाद म्हणजे या धाग्याचा गाभाच. माझ्या मते नियम नुसता पडद्यावर दाखवण्यापेक्षा खेळणाऱ्याच्या अंगाला लावणारा हा एकच गेम.

हॅमरबद्दल थोडं. १९३१ च्या युनिव्हर्सलच्या 'ड्रॅक्युला'त बेला लुगोसीचे सुळे एकदाही दिसत नाहीत. चावा दाखवलेला नाही, शेवटी खुंटा ठोकतात तोही पडद्याबाहेर. डोळ्यांवर दिव्याची तिरीप, झगा, आणि त्याचं ते शब्द रेंगाळत बोलणं, एवढ्यावर सिनेमा उभा. १९५८ मध्ये ख्रिस्तोफर ली आला तो सुळे, लाल डोळे आणि लालभडक रक्त घेऊन. त्याचा शेवट आठवा : पीटर कुशिंग लांब टेबलावरून धावत जातो, उडी मारून पडदा ओढून खाली आणतो, उन्हाचा झोत आत येतो, मग दोन मेणबत्तीदाण्यांचा क्रूस करून तो लीला त्या झोतात रेटतो. ऑरलॉक उन्हात सापडला होता. इथे ऊन हे हत्यार झालं, नायकाने स्वतः ओढून आणलेलं.

हाच प्रसंग १९९९ च्या 'सोल रीव्हर'मध्ये खेळायला मिळतो. गेम तसा नावाजलेला, पण त्यातल्या राहाबशी लढाईबद्दल कुणी या अंगाने बोलत नाही. पाण्याने भरलेला मठ, वर उंच रंगीत काचांच्या खिडक्या. राहाबवर पाण्याचा परिणाम नाही, तुमच्या नख्यांचाही नाही. मग खिडक्या फोडायच्या. एकेक काच फुटते, उन्हाचा एकेक पट्टा पाण्यावर पडतो, आणि त्याला पोहायला सावली कमी कमी होत जाते. कुशिंगच्या पडद्याचे इथे अनेक तुकडे केलेत.

---

तिन्हीसांजा

उन्हाचा मुद्दा मानला. पण भयपटांचा सगळा वारसा नियमांचा नाही, वातावरणाचाही आहे, आणि तिथे गेम कमी पडले असं माझं ठाम मत आहे.

कार्ल ड्रायरचा १९३२ चा 'व्हॅम्पायर' बघा. कॅमेरामन रुडॉल्फ माते. भिंगापुढे जाळीचं कापड धरून काढलेली धूसर दृश्यं. सावल्या माणसांना सोडून स्वतंत्र हिंडतात. नायक शवपेटीत पडलेला आणि आपण त्याच्याच डोळ्यांनी, झाकणाच्या काचेतून, वरून सरकणारं आभाळ आणि झाडं बघतो. शेवटी खलनायक डॉक्टर पिठाच्या गिरणीत वरून पडणाऱ्या पांढऱ्या पिठाखाली गाडला जातो. व्हॅम्पायर म्हातारी बाई आहे, तिला फारसं काही करावंच लागत नाही. यातला एकही नियम तुम्ही गेमच्या पुस्तिकेत लिहू शकणार नाही.

२०१८ मध्ये डोन्टनॉडने याच नावाचा गेम काढला. लंडन, १९१८, स्पॅनिश फ्लूची साथ, नायक डॉक्टर रीड नुकताच व्हॅम्पायर झालेला. नाव ड्रायरचं, पण ड्रायर त्यात नाही.

---

एल्बेकाठची

तिन्हीसांजा, तो गेम मी पूर्ण खेळलेय आणि मला तो मुर्नाऊचा वाटतो. 'नोस्फेराटू'त ऑरलॉकच्या जहाजातून उंदीर आणि साथ येते. दारांवर खडूच्या खुणा होतात, गल्लीतून शवपेट्यांची रांग निघते. महायुद्ध आणि इन्फ्लुएन्झा यांनी पोळलेल्या लोकांनी १९२२ मध्ये ते पाहिलं होतं.

गेममध्ये तुम्ही डॉक्टर. रस्त्यावरच्या प्रत्येकाला नाव आहे, आजार आहे, कुणाशी तरी नातं आहे. औषध देऊन बरं केलंत की त्याचं रक्त तुमच्यासाठी जास्त मोलाचं होतं. त्याची गुपितं जाणून घेतलीत की आणखी मोलाचं. मग त्याला मारायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मारलंत की शक्ती वाढते आणि त्या वस्तीची तब्येत ढासळते. मी एका नर्सला बरं केलं आणि तिच्या नावापुढचा आकडा वाढलेला पाहून खेळ बंद करून उठले. साथ आणि व्हॅम्पायर हे एकच, ही मुर्नाऊची कल्पना इथे मला स्वतःच्या हाताने पार पाडायला लावली.

---

आठबिटी

ऑरलॉकच्या चेहऱ्याचं एक देणंही नोंदवून ठेवतो. १९९१ च्या 'व्हॅम्पायर : द मास्करेड' या टेबलावर खेळायच्या खेळात व्हॅम्पायरांची कुळं आहेत. त्यातलं एक नोस्फेराटू, थेट मॅक्स श्रेकच्या वळणावर बेतलेलं. त्यावरून ट्रॉइका कंपनीने २००४ मध्ये 'ब्लडलाइन्स' काढला. सुंदर कुळातला व्हॅम्पायर घेतलात तर क्लबमध्ये शिरून गोड बोलता येतं. नोस्फेराटू घेतलात तर रस्त्यावर कुणी तुम्हाला पाहणं हाच गुन्हा, त्यामुळे शहर गटारांतून ओलांडायचं. तेच शहर, तीच कामं, पण अख्खा गेम बदलतो. लुगोसी होऊन खेळायचं की श्रेक होऊन, एवढाच प्रश्न.

---

हिरवी_वही

हे सगळं माझ्यासाठी नवीन आहे. जुनी यंत्रं घरात नाहीत. सुरुवात कुठून करू? आणि 'बोकताय' आता खेळता येतो का?

---

रीळवेडा

हिरवी_वही, आधी १९२२ चा 'नोस्फेराटू' बघा, रंगछटा दिलेली प्रत. नेटवर सहज मिळतो. मग 'कॅसलव्हेनिया', तो २०१९ च्या संग्रहात आजच्या यंत्रांवर आहे. त्याच संग्रहात जॉन मॉरिसचा भाग आणि 'किड ड्रॅक्युला'ही आहे, तो छोट्या ड्रॅक्युलाचा गमतीदार गेम. त्यानंतर हॅमरचा १९५८ चा सिनेमा बघून पुन्हा ती नामावली वाचा. 'मलाकाय' जमेल तेव्हा, आणि हेडफोन लावून. 'बोकताय'चं पाऊसपाणी सांगतील.

तिन्हीसांजा, ड्रायरवर तुम्ही वेगळा धागा काढाच. शवपेटीतून दिसणाऱ्या त्या आभाळावर मला खूप बोलायचंय.

---

पाऊसपाणी

एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या संगणकावरच्या प्रोग्रॅमवर, चालतो. एमजीबीए नावाच्या एम्युलेटरमध्ये ऊन हाताने कमी-जास्त करायची सोय आहे. पण ते केलंत की सूर्य तुमच्या खिशात आला, मग व्हॅम्पायरला भ्यायचं कशाला? बाहेर जेवढं ऊन असेल तेवढंच आत ठेवायचं, असं स्वतःवर बंधन घाला, खिडकीशी जाऊन बघून या आणि मगच आकडा हलवा. जुनं कार्ट्रिज कुणी विकत असेल तर पैसे देण्याआधी उन्हात धरून संवेदक चालतोय का ते तपासून घ्या. तिसरा भाग फक्त जपानीत निघाला आणि पुढे निन्टेन्डोच्या डीएस या यंत्रावर आलेल्या भागात संवेदकच नाही, त्यामुळे घ्यायचा तर पहिला किंवा दुसराच घ्या.